सैनिकांच्या व ठेकेदारांच्या घरची श्रीमंती

आमच्या शाळेंत लष्करांतील नोकरांचीं व लहानमोठ्या ठेकेदारांचीं मुलें पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयीं एक समज आमच्यांत इतका रूढ झाला आहे कीं, तो खरा कीं खोटा हें पाहण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. ‘त्यांना काय कमी आहे?’ हें वाक्य आमच्या कानांवर नित्य पडतें. आणि खोटें कशाला बोलावें, आमच्या तोंडूनही तें अनेकदां गेलें आहे. या वर्षीं गरजू विद्यार्थ्यांस पाठ्यपुस्तकें देण्याकरितां आम्हीं वर्गावर्गांतून यादी केली, तेव्हां अशा मुलांचीं नांवें न विचारतांच गाळलीं. पुढें सहामाही परीक्षेच्या सुमारास त्यांपैकींच एक मुलगा मधल्या सुट्टींत शेजाऱ्याच्या पुस्तकांतून धडे उतरून घेतांना आमच्या दृष्टीस पडला. त्याचे वडील सैन्यांत शिपाई आहेत. त्या दिवशीं या समजाची थोडी छाननी करावी असें आमच्या मनानें घेतलें.

प्रथम सैनिकांचें पाहूं. ‘मिलिटरीवाला’ म्हटलें कीं, लोकांच्या डोळ्यांपुढें बंगल्यांत राहणारा अधिकारी उभा राहतो. परंतु सैन्यांत अधिकारी थोडे आणि जवान फार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणें १ जानेवारी २०१६ पासून नव्या लेफ्टनंटचें मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये ठरलें, तर नव्या शिपायाचें २१,७०० रुपये. लष्करी सेवेबद्दलची वेगळी रक्कम अधिकाऱ्यास १५,५०० व शिपायास ५,२०० रुपये ठरली. त्यांत महागाईभत्ता वगैरेंची भर पडते, हें आम्हांस मान्य आहे. तथापि शिपाई सरहद्दीवर असतां कुटुंबास तेथें नेतां येत नाहीं. मुलांच्या शिक्षणासाठीं आई शहरांत भाड्याच्या खोलींत राहते, आणि गांवीं म्हातारे आईबाप त्याच पगाराकडे डोळे लावून बसलेले असतात. सरकारी क्वार्टर मिळाली तरी ती कांहीं मालकीची नव्हे. बदलीचा हुकूम आला कीं, बिऱ्हाड उचलावें लागतें.

कॅन्टीनचा हेवा तर सर्वांसच वाटतो. १९४८ सालीं स्थापन झालेल्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटचा माल स्वस्त मिळतो, कारण सरकार त्यावरील करांत सवलत देतें. परंतु स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. शिवाय खरेदीस मर्यादाही असते. कॅन्टीनच्या साबणानें शाळेची फी भरतां येत नाहीं!

पेन्शनचीही तीच गोष्ट. शिपाई बहुधा पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान निवृत्त होतो. इतर नोकरांची त्या वयांत कोठें उमेदीला सुरुवात झालेली असते, आणि याची मुलें नेमकीं त्याच वेळीं शाळेंत असतात. पेन्शन साधारणतः शेवटच्या वेतनाच्या निम्मी. बँकेच्या दाराशीं बंदूक घेऊन उभा असलेला माजी सैनिक आपण नेहमीं पाहतों. तो हौसेनें उभा नाहीं. १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेंत तर नोकरी चारच वर्षांची ठरली. पहिल्या वर्षीं दरमहा ३०,००० रुपयांपैकीं हातीं २१,००० पडावे, बाकीचे सेवानिधींत जावे, शंभरांतून फार तर पंचवीस जणांस पुढें कायम करावें आणि इतरांस पेन्शन नसावें, अशी ती योजना आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगें गांवास लोक ‘अपशिंगें मिलिटरी’ म्हणतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत त्या गांवचे ४६ वीर कामीं आले. मान मोठा खरा. परंतु मान आणि धन या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आपण वारंवार विसरतों.

आतां ठेकेदारांकडे वळूं. लष्करी बांधकाम असो वा जिल्ह्यांतील रस्ता असो, ठेक्याची रक्कम लाखांनीं मोजली जाते आणि लोकांस ती सर्व ठेकेदाराचीच वाटते. वस्तुतः ती त्याच्या हातांतून वाहून जाते. आधीं बयाणा भरावा, मग अनामत ठेवावी, सिमेंट व खडी आणावी, मजुरांचा पगार आठवड्याच्या आठवड्यास चुकवावा. बिल मात्र कामाचें मोजमाप होऊन, मंजुरी मिळून, पैसे सुटतील तेव्हां मिळावयाचें. मधल्या काळांतील कर्जाचें व्याज बिलांत लिहितां येत नाहीं. दारांत उभी असलेली जीप पुष्कळदां हप्त्यांची असते, आणि कित्येकदां घरही तारण असतें.

यावरून सर्वच सैनिक व ठेकेदार दरिद्री आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक ठेकेदार खरोखरच धनवान आहेत. आणि सैनिकाचा पगार वेळेवर येतो, कुटुंबास लष्करी इस्पितळांत उपचार मिळतात, हें शेतमजुराच्या घरच्यांस स्वप्नवत् वाटावें असेंच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बापाचा धंदा ऐकून घरच्या पेटीचें वजन करूं नये. या समजाचा भार शेवटीं मुलांवर पडतो. सहलीची वर्गणी देतां आली नाहीं, तर गरीब म्हणून इतरांस सहानुभूति मिळते. या मुलांस मात्र ‘कंजूष’ ही पदवी मिळते. मग तीं मागत नाहींत व बोलतही नाहींत.

पालकांस आमची विनंति आहे कीं, अडचण असल्यास ती वर्गशिक्षकांस निःसंकोच कळवावी. तींत कमीपणा मुळींच नाहीं. आणि आमच्या सोबत्यांनो, पुढील वर्षीं पुस्तकांची यादी करूं तेव्हां ‘तुझे वडील काय करतात?’ असें न विचारतां ‘तुझ्याजवळ पुस्तक आहे काय?’ एवढेंच विचारूं. यंदा आमच्या हातून जी चूक घडली, ती इतक्या साध्या प्रश्नानें टळली असती.