गच्चीचं कुलूप काढा

स्वारगेटजवळच्या आमच्या जुन्या सोसायटीची मी सेक्रेटरी. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा विषय सभेत निघाला की उत्तर ठरलेलं असतं, "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?" मला हे अजिबात पटत नाही. पॅनेल लोखंडी सांगाड्यावर बोल्टने बसतात, इमारत पाडायची वेळ आली तर उतरवता येतात. तोवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल आपण भरतोच आहोत ना?

2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या घरगुती संचाला 78 हजार रुपये अनुदान आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. सोसायटीच्या सामायिक वापरासाठीही किलोवॉटमागे 18 हजार मिळतात, हे मात्र कुणी सांगत नाही. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट निघतात. जुलैत वीज कमी बनते, पण नेट मीटरिंगमध्ये एप्रिल-मेची शिल्लक युनिटं पावसाळ्यात वापरता येतात.

आमच्या भागाची खरी अडचण धूळ. एसटी, पीएमपी आणि चौकातली वर्दळ. गच्चीतल्या टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं तरी काळं होतं. पॅनेल नियमित धुवावेच लागतील. शेजारच्या टॉवरची सावली कधी, कुठे पडते तेही आधी बघा.

पुढच्या सभेला सामायिक मीटरची वर्षभराची बिलं घेऊन या आणि ठराव मांडा.