प्रयोगशाळाही विहारच

वर्धापनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ असतील. आम्ही मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कणाची गोष्ट सांगून एक आग्रह मांडणार आहोत.

जिवंत पेशीत काय चालते हे पाहायचे, तर आत काहीतरी उजळावे लागते. काही रंगद्रव्यांवर एका रंगाचा प्रकाश पडला की ती दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. यालाच अनुस्फुरण म्हणतात. पण एकट्या रेणूचा उजेड फार मंद. तो वाढवण्यासाठी बाहेरून प्रखर प्रकाश टाकावा, तर पेशीला इजा होते आणि रंगद्रव्यही लवकर निकामी होते. म्हणून बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, अतिसूक्ष्म कणात शेकडो रेणू भरण्याची कल्पना पुढे आली. हिशेब सरळ वाटतो : रेणू शंभरपट, तर उजेड शंभरपट.

प्रत्यक्षात उलटे घडते. दाटीत बसलेले रेणू एकमेकांचा उजेड विझवतात. मिळालेली ऊर्जा उष्णतेत वाया जाते. मग हे असेच चालायचे का? २००१ साली हाँगकाँगमध्ये बेन झोंग तांग यांच्या गटाने दाखवून दिले की, काही रेणू द्रावणात मंद असतात आणि गर्दीतच उजळतात. कारण गर्दीत त्यांच्या अवयवांची हालचाल थांबते. २०१४ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग विद्यापीठात आंद्रेय क्लिमचेन्को यांच्या गटाने वेगळी वाट काढली. रोडामिन या धनभारित रंगद्रव्याला त्यांनी आकाराने मोठा ऋणभारित जोडीदार दिला. तो मध्ये बसून अंतर राखतो. विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्या जातीच्या बहुवारिकाचे सुमारे ४० नॅनोमीटरचे कण, आत रंगद्रव्याची दाटी असूनही, तेजस्वी राहिले.

असे कण माणसाच्या शरीरात वापरण्याआधी त्यांची सुरक्षितता कसोशीने तपासावी लागेल, हे आम्ही जाणतो. पण आमचा मुद्दा निराळा आहे. गर्दीत उजेड विझतो, हा अनुभव खरा होता. तो सर्वत्र लागू आहे हे गृहीत धरणे चूक होते. ती चूक प्रयोग करून पाहणाऱ्यांनीच दाखवली. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण दर वर्षी मुलांना सांगतो. तो आचरणात आणण्याची जागा मात्र अनेक शाळांत कुलूपबंद कपाटात असते.

या विद्येचा आरंभ महाग नाही. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घालून अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा. हिरवट-पिवळा उजेड दिसेल. पाण्यात डेटॉलचे थेंब टाका. पाणी दुधाळ होते, कारण पाण्यात न विरघळणारा अंश बारीक थेंबांच्या रूपाने वेगळा होतो. बहुवारिकाचे कणही याच तत्त्वावर बनवतात : द्रावकात विरघळलेले बहुवारिक पाण्यात ओतले की ते कणरूपाने बाहेर पडते. सहावीतल्या मुलीला हे शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करता आले पाहिजे.

पालक विचारतील, याने गुण वाढतील का? कदाचित लगेच वाढणार नाहीत. पण ‘असे का झाले?’ हे विचारण्याचे धैर्य वाढेल, आणि ज्या समाजाला शतकानुशतके प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्याच्या मुलांना याहून मोठी शिदोरी कोणती? या वर्षी माजी विद्यार्थ्यांकडून जो निधी जमेल, त्यातून नवी कमान उभारण्याआधी प्रयोगशाळेचे कुलूप निघावे. तिथे साहित्य मुलांच्या हाती पडावे, काचा फुटाव्यात, प्रयोग फसावेत आणि पुन्हा व्हावेत. प्रज्ञेची साधना विहारात होते तशी तिथेही होते, अशी आमची धारणा आहे.