कुत्रा म्हातारा झाला असेल तर

खारघरमध्ये सकाळी सेंट्रल पार्कच्या कडेने किंवा टेकडीच्या रस्त्याने चक्कर मारली, की पट्टा हातात धरलेली माणसे भेटतात. त्यांच्या कुत्र्यांपैकी बरेच आता तोंडाशी पांढरे झालेत. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे, त्यांच्याशी मला बोलायचे आहे, कारण त्याचे आजारपण बहुधा एका रात्रीत समोर येते आणि त्या रात्री नीट विचार करणे कोणालाच जमत नाही.

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारखा मोठा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की म्हातारा धरावा. लहान चणीचा दहाच्या आसपास. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी त्याचे रक्त आणि लघवी तपासून घ्या. कुत्रा दुखणे लपवतो. मूत्रपिंडे बरीचशी निकामी होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. प्लीहेवरची गाठ पोटात वाढत असते, आणि ती फुटली की कालपर्यंत पोळीचा तुकडा मागणारा कुत्रा दारातच कोसळतो. म्हणून ‘आमच्या लक्षात कसे आले नाही?’ हा प्रश्न स्वतःला छळण्यासाठी विचारू नका. अनेकदा लक्षात येण्यासारखे काही नसतेच.

काही खुणा मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात. त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहा. त्या पांढऱ्याफटक दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका. पोट टम्म फुगले आहे, उमासे येतात पण ओकारी पडत नाही, अशा वेळीही तासाभराचा उशीर महागात पडतो. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत सारखी पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पावसाळ्यात गोचिडांचा ताप असतो आणि तो म्हाताऱ्या कुत्र्याला फार लवकर खाली आणतो. आणि घरातली क्रोसिन, ब्रुफेन त्याला कधीही देऊ नका. ती माणसांची औषधे आहेत, कुत्र्याच्या जिवावर बेततात.

याच्या उलटही घडते. म्हातारा कुत्रा अचानक मान कलती करतो, डोळे भिरभिरतात, उभे राहता येत नाही. घरचे म्हणतात, लकवा झाला, संपले. पण पुष्कळदा हा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालू लागतो. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या रात्री कोणताही शेवटचा निर्णय घेऊ नका.

रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे आजच फोन करून विचारा. मोठे उपचार लागले तर मुंबई गाठावी लागते. परळला बैलघोडा इस्पितळ आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे प्राण्यांचे रुग्णालय 2024 मध्ये सुरू झाले. रतन टाटांना आपला कुत्रा सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटाला न्यावा लागला होता, आणि तोवर उशीर झाला होता. आपल्याला निदान वाशीचा पूल किंवा अटल सेतू ओलांडून पोहोचता येते. पण कोणाच्या गाडीने? तीस किलोचा कुत्रा लिफ्टपर्यंत कोण उचलणार? जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचलावा. खर्च कुठपर्यंत झेपेल, तेही घरात मोकळेपणाने बोलून ठेवा. पैशाची मर्यादा म्हणजे प्रेमाची मर्यादा नव्हे.

बरे होण्याची आशा उरली नाही आणि वेदना थांबत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले, तर त्याला झोपवण्याचा निर्णय दयेचा आहे. भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात. आधी शुद्ध हरपते, मग हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास आल्यासारखा वाटतो. ते दुखणे नसते. जमल्यास त्याच्याजवळ थांबा, त्याला तुमचा आवाज ऐकू द्या.

देह खाडीत किंवा टेकडीवर टाकू नका. अंत्यविधीची सोय कुठे आहे, हे पनवेल महानगरपालिकेत आणि आपल्या डॉक्टरांकडे आधीच विचारून ठेवा. मुंबई महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांसाठी दाहिनी 2023 मध्ये सुरू केली आहे. मुलांना ‘गावाला गेला’ असे सांगू नका. ती वाट पाहत राहतात.

आणि रडू आले तर लाजू नका. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. राजाने कुत्र्यासाठी दगडी समाधी बांधली, तेव्हा आपण एक दिवस रजा काढली तर त्यात कमीपणा कसला?

शेजाऱ्यांनाही एक विनंती. ‘कुत्राच तर होता, दुसरा आणा’ असे म्हणू नका. ज्या आजोबांचे सकाळी फिरणे त्या कुत्र्यामुळे होते, ते आता दाराबाहेर पडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची बेल वाजवा आणि त्यांना सोबत घेऊन चला.