मंडळी

चर्चला मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ही म्हणतात. ‘चला मंडळी, पानं वाढलीत’ यातलीही तीच मंडळी. या शब्दात माणसे आहेत, इमारत नाही. मला तो म्हणूनच आवडतो.

जानेवारी १९०५ मध्ये केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल, असे तिथल्या मुलींना विचारले. आधी सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्यांतल्या कितीतरी दुष्काळाने घरदार हिरावलेल्या. शेजारी गुडघे टेकणारी, तीच मग बहीण.

आमच्या मंडळीच्या गुरुवारच्या घरसभेत लांबलचक प्रार्थनांच्या वेळी माझी चुळबुळ सुरू होते, हे कबूल करतो. गेल्या महिन्यात मात्र एका आजींनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना मागितली, एवढेच एक वाक्य. ‘आमेन’ झाले, चहा झाला, आणि मोरीत कप विसळता विसळता दोघींनी दवाखान्यात रात्री थांबायच्या पाळ्या लावून टाकल्या. तिसरी म्हणाली, ‘‘डबा माझ्याकडे. तिखट कमी घालते.’’ पाळकसाहेबांना हे रविवारी कळले, तोवर आजी वॉकर धरून चालायला लागल्या होत्या.