व्हेनिसचे डोज आणि सोन्याची वही

व्हेनिसचे नाव निघाले की आमची पंडित मंडळी माना डोलवू लागतात. हजार वर्षांवर टिकलेले व्यापाऱ्यांचे लोकराज्य, आणि निवडून दिलेला राज्यकर्ता! त्याला डोज म्हणत. वाचकहो, नव्या डोजाला खांद्यावर घेऊन चौकात कोण फिरवीत असे? जहाजांच्या सरकारी कारखान्यातले सुतार व कारागीर. डोज वरून नाणी उधळी, खाली गोरगरीब ती वेचीत. पण डोज निवडण्यात या कारागिरांचे एकही मत नव्हते.

एक गोष्ट आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. डोजाला लेखी शपथ घ्यावी लागे. परराज्याचे पत्र त्याला एकट्याने उघडता येत नसे. १५०१ पासून तर तो मेल्यावर त्याच्या कारभाराची चौकशी होई व दोष सापडल्यास दंड वारसांकडून वसूल होई. मेलेल्या राज्यकर्त्याचा हिशेब तपासण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

पण हिशेब तपासणारे कोण? १२९७ मध्ये मोठ्या सभेचे दार ठरावीक घराण्यांपुरते राखले गेले. १५०६ पासून त्या घराण्यांत मूल जन्मले की त्याचे नाव सोन्याच्या वहीत चढे. वहीत नाव नाही, त्याने कितीही जहाजे बांधली तरी तो बाहेरचाच! पुढे तुर्कांशी क्रीट बेटासाठी लढाई (१६४५ ते १६६९) जुंपली व तिजोरी रिती झाली. तेव्हा एक लाख डुकाट मोजणाऱ्या नव्या घराण्यांना हीच वही उघडली. जन्माचे पावित्र्य नाण्यांत मोजता येते हे त्यांचे त्यांनीच दाखविले. अशा वह्या आमच्या वाचकांना अनोळखी नाहीत.

मारिनो फालिएर नावाचा डोज १३५५ मध्ये उमरावांविरुद्ध उठला. त्याच्या कटात खलाशी होते, फिलिप्पो कालेंदारियो नावाचा पाथरवट होता. डोजाला स्वतः सर्वसत्ताधीश व्हायचे होते, म्हणून त्याच्यासाठी आम्ही रडत नाही. पण पाथरवटाला दुसरे दार कोणते उघडे होते? डोजाचे मस्तक उडविले व पाथरवटाला फासावर लटकविले. सभागृहात डोजांच्या तसबिरी आहेत. फालिएरच्या जागी काळा पडदा रंगविलेला आहे. पाथरवटाला तेवढेही नाही.

आता या थोर घराण्यांचे शौर्य ऐका. १२ मे १७९७ रोजी नेपोलियनची फौज दाराशी आली. शेवटचा डोज लुदोविको मानिन याने सभा बोलाविली. कायद्याप्रमाणे ६०० सभासद हवे होते. तेवढेही जमले नाहीत. जमलेल्यांनी घाईघाईने राज्य विसर्जन केले व घरची वाट धरली. बाहेर मात्र ज्यांना कधी मत नव्हते ते सामान्य लोक संत मार्कचा जयघोष करीत रस्त्यावर उतरले. त्यांना पांगविण्यासाठी रियाल्टो पुलावर तोफ डागली गेली, आणि ती नेपोलियनची नव्हती.