घसरणारा क्लच आणि घरची मिळकत

टाटा ४०७ ही गाडी १९८६ साली आली आणि लोक जिला ‘छोटा हाथी’ म्हणतात ती टाटा एस २००५ साली. रोजंदारी आणि हमाली करणाऱ्या कितीतरी घरांतील मुलांनी पुढे कर्ज काढून अशी एखादी गाडी घेतली. भाजी, विटा, मंडपाचे सामान, मिळेल ते भाडे मारायचे आणि हप्ता भरायचा. गाडी दारात उभी राहिली म्हणून हप्ता थांबत नाही. क्लचचा विषय म्हणूनच घेतला आहे. क्लच बहुधा एका दिवसात जात नाही. तो आधी बरेच दिवस सांगत असतो.

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक फिरत असते. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला त्या चाकावर दाबून धरते, तेव्हा इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. प्लेटवरचे अस्तर झिजले की ही पकड सुटते. चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर दाबावा, तर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे ओढत नाही आणि करपल्यासारखा वास येतो. पक्के बघायचे असेल तर सपाट मोकळ्या जागेत, पुढे-मागे कोणी नसताना, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड आहे. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. एकदा बघितले की पुरे. पुन्हा पुन्हा केले तर उरलेली प्लेटही जळेल.

गिअर टाकताना खरखर होत असेल तर तो वेगळा, उलट दोष आहे. तिथे क्लच पूर्ण सुटत नसतो. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. मेस्त्रीला नुसते “क्लच गेला” म्हणून सांगू नका, काय होते ते सांगा. अर्धे काम तिथेच होते.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी स्वस्तातली गोष्ट तपासा. वायरवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीला थोडी ढील असावी लागते. प्लेट झिजत जाते तशी ही ढील वाढत नाही, कमी होते. पुष्कळांचा इथेच गोंधळ होतो. ढील संपली की बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि अस्तर शिल्लक असूनही प्लेट घसरते. नटावर ढील परत मिळवता येते. किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात असते. ढील बरोबर करूनही घसरणे थांबले नाही, तर मात्र उघडण्यावाचून इलाज नाही.

उघडलेच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मजुरी जाते ती गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यात. एक भाग बदला की तीन, ती तेवढीच. आज बेअरिंगचे पैसे वाचवले आणि चार महिन्यांनी ते ओरडू लागले, तर तीच मजुरी पुन्हा द्यायची. फ्लायव्हीलवर रिवेटचे चरे किंवा उष्णतेचे निळे डाग आहेत का ते पाहून लेथवर साफ करून घ्यावे लागते. भेगा असतील तर बदलावेच लागते. आणि जुन्या प्लेटला तेल लागलेले दिसले तर आधी ऑइल सील कुठले गळते ते शोधा. नाहीतर नवी प्लेटही तशीच तेलात भिजेल. जुने भाग मागून घरी आणावेत. भगिनींनी घरखर्चाच्या वहीत एक पान गाडीचे ठेवले आणि त्यात तारीख, किलोमीटर आणि बिल लिहिले, तर पुढच्या वेळी हिशेब विचारता येतो.

घसरता क्लच घेऊन कसाऱ्यासारख्या घाटात भरलेली गाडी घालू नये. चढताना गाडी अडकेल, एवढेच नाही. उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते, आणि ते धरणेही क्लचमधूनच होते. क्लच घसरला तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी लागत नाहीत. एका भाड्यासाठी घरचा माणूस पणाला लावू नये. सपाटीवरून गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर माल उतरवा, खालच्या गिअरमध्ये ठेवा, अ‍ॅक्सिलेटर हलका ठेवा.

क्लच खाणारी सवय म्हणजे हाफ क्लच. चढावरच्या सिग्नलला गाडी हाफ क्लचवर तोलून धरणे ही काही हुशारी नव्हे; हँडब्रेक त्यासाठीच दिला आहे. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवणे, दुसऱ्या गिअरमध्ये उचलणे, पासिंगपेक्षा जास्त माल भरणे, यांनीही प्लेट लवकर जाते. शेवटची गोष्ट पुष्कळदा चालकाच्या हातात नसते, माल भरणाऱ्याच्या हातात असते, हे मान्य आहे.

गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांसाठी एक सूचना. क्लच उघडला की आत काळी भुकटी साचलेली असते. ती हवा मारून उडवायची पद्धत आहे, आणि ते काम पोरांकडेच येते. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते छातीत गेले तर आजार बऱ्याच वर्षांनी दिसतो आणि बरा होत नाही. भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, फडके झटकू नये, पिशवीत बांधून टाकावे. नाकातोंडावर बांधलेला रुमाल अशा बारीक धुळीला अडवत नाही. मालकाला हे मुलाने सांगण्यापेक्षा वडिलांनी जाऊन सांगितलेले बरे.