थर्मोस्टॅट काढून टाका!

गोव्यात कुणाची गाडी गरम होऊ लागली की चार माणसे जमतात आणि त्यांतला एक जण हमखास तज्ज्ञाच्या आवाजात सांगतो, "अरे, तो थर्मोस्टॅट काढून टाक! थंड मुलखातली भानगड ती, आपल्याला कशाला हवी?" हे वाक्य मी फोंड्यात ऐकले आहे, म्हापशात ऐकले आहे, अनमोडच्या घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकले आहे. खोटे कशाला बोलू, वडिलांच्या फियाटच्या काळात मी स्वतःही ते दुसऱ्यांना ऐकवले आहे. आज मला त्याच वाक्याशी भांडायचे आहे.

निमित्त मामेभावाच्या गाडीचे. मामा नैरोबीची नोकरी संपवून परतले तेव्हा बोटीतून एक लाल, बुटकी, दोन माणसांची गाडी घेऊन आले. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, सन १९६८. १२९६ सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, आणि पुढच्या मडगार्डांसकट मगरीच्या जबड्यासारखे उघडणारे बॉनेट. मामा गेले, गाडी राहिली. मामेभावाने ती हौसेने सांभाळली, पण गेली काही वर्षे तिला दोन व्याधी जडल्या होत्या. सिग्नलला उभी राहिली की आयडलिंग कधी खाली पडे, कधी आपोआप चढे. आणि पाच मिनिटे गर्दीत सापडली की काटा लाल रेघेवर. भरीला तिसरा चमत्कार म्हणजे चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन धडधडतच राही. शेजारची पोरे टाळ्या पिटत!

गोव्यात चार ठिकाणी दाखवून झाले. प्रत्येकाने काहीतरी केले. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "हुबळीला न्या. घाटावर स्वस्तात होते." हे "घाटावर स्वस्तात" लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

तर अनमोड, रामनगर, अळणावर करत, वाटेत दोनदा थांबून, आम्ही धारवाडला पोचलो आणि तिथून हुबळीला. गॅरेज कसले, पत्र्याची शेड. मिस्त्री सत्तरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. कन्नड, दख्खनी आणि हुबळी वळणाचे मराठी अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. स्पिटफायर त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण बॉनेट उघडताच हसले. "ही तर हेराल्डची बहीण की ओ!" अगदी बरोबर. स्टँडर्ड हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती, आणि स्पिटफायरची चासी म्हणजे हेराल्डचीच, आखूड केलेली. दोघींचे रूप रेखाटणाराही एकच, इटलीचा मिकेलोत्ती. चाचांची उमेदवारी हेराल्डवर झाली होती.

मामेभावाने व्याधी सांगायला सुरुवात केली तसा चाचांनी हात वर केला. "गाडी ठेवून जावा. रात्रभर थंड होऊ दे. सकाळी मीच चालू करणार, तुम्ही नाही."

सकाळी आम्ही गेलो तर ते रेडिएटरचे टोपण हातात घेऊन बसलेले. टोपणाचे रबर कडक होऊन चिरले होते. हे टोपण म्हणजे नुसते झाकण नव्हे. आत दाब धरून ठेवणे हे त्याचे काम. अर्धा बार जादा दाब असला तर पाणी ११० अंशांपलीकडे जाईपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की शंभरालाच बुडबुडे. आतले पाणी विटकरी रंगाचे, कारण वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतलेले. (हुबळी-धारवाडच्या पाण्यावरून आपले म्हादईचे भांडण चालू आहे, तेव्हा खुलासा करतो की आम्ही नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घातले.) मग थर्मोस्टॅटचे घर उघडले. आत काय? काहीही नाही. पोकळी. कुणीतरी "काढून टाकला" होता.

आता इथे थांबून सांगायला हवे. थर्मोस्टॅट गाडीला थंड करत नाही आणि गरमही करत नाही. तो द्वारपाल आहे. इंजिन बऐंशी-बिऐंशी अंशांना येईपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे सोडत नाही, आल्यावर सोडतो. तो नसला तर सकाळी कुडकुडणारे इंजिन कितीतरी वेळ थंडच धावते, पेट्रोल जास्त पिते, तेलात ओल धरते, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून जवळच्या वाटेने फिरत राहते आणि गाडी उलट जास्त तापते. घाटात थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला, तर तो काढून घरी पोचणे हे शहाणपण आहे, त्याला माझा नमस्कार. पण घाटातला तो उपाय आपण घरी आणून देव्हाऱ्यात बसवला, तिथे घोळ झाला.

चाचांचे खरे कसब पुढे दिसले. त्यांनी डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी काढली, तोंडात धरून हवा ओढली आणि टोक जिभेने बंद केले. जीभ चिकटून राहायला हवी होती, राहिली नाही. आतला पडदा फाटलेला. मग टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण पाहिली. टायमिंग चांगले दहा अंश मागे. "हे कुणी मुद्दाम केलंय," ते म्हणाले. आणि मग आम्हाला प्रश्न विचारले, जे आजवर कुणी विचारले नव्हते. गाडी पूर्वी चढावर आवाज करायची का? केव्हापासून बंद झाला? गरम होणे त्याआधीचे की नंतरचे?

उत्तरे देता देता आमच्याच डोक्यात प्रकाश पडला. या इंजिनाचे कॉम्प्रेशन नऊला एक. आपले साधे पेट्रोल वर्षानुवर्षे ९१ ऑक्टेनचे. मोलेच्या चढावर गाडी नॉकिंग मारू लागली म्हणून पहिल्या मेकॅनिकने टायमिंग मागे ओढले. आवाज गेला, मामेभाऊ खूश. पण ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा जळते, ताकद चाकाऐवजी उष्णता होऊन एक्झॉस्टच्या वाटेने निघते आणि वाटेत हेड भाजते. शिवाय आयडलिंग पडते. ते पडले म्हणून दुसऱ्याने स्क्रू फिरवून रेस वाढवली. गाडी तापली म्हणून तिसऱ्याने थर्मोस्टॅट काढला. तापलेले इंजिन आणि वाढवलेली रेस, म्हणून चावी काढल्यावरही धडधड. चौथ्याने काय केले माहीत नाही, पण रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे पुठ्ठे गायब होते. या गाडीत कंपनीनेच पुठ्ठे दिलेले असतात, समोरून आलेली हवा बाजूने निसटू नये, रेडिएटरमधूनच जावी म्हणून. कुणाला तरी तो कचरा वाटला असणार.

चारही जण मूर्ख नव्हते. प्रत्येकाने समोर दिसणारे लक्षण घालवले, आणि आधीच्याची दुरुस्ती पुढच्याचा आजार झाली.

त्यात आता ई२०. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून जुन्या जेटमधून तेवढेच पेट्रोल आले तरी मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रणाचे आयडलिंग भटकते, जुने रबरी पाइप सुजतात ते वेगळेच. गंमत म्हणजे ई२० चे ऑक्टेन जास्त, ९५. ज्या नॉकिंगच्या भीतीने टायमिंग मागे ओढले, ती भीतीच आता कमी झाली होती!

चाचांनी टायमिंग जागेवर आणले. थ्रॉटलच्या दांड्या झिजून भोकांतून हवा ओढत होत्या. रॉकेलचा थेंब सोडला की इंजिनाचा सूर बदले. लेथवरून पितळी बुश करवून आणले. जेटची नटे थोडी खाली घेतली. मग रबरी नळीचे एक टोक कानात, दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी, असे दोन्हींचा फुसकारा सारखा होईपर्यंत ऐकत राहिले. वीस मिनिटे. शेडमध्ये कुणी बोलत नव्हते. ज्या गावात गंगूबाई हनगल राहिल्या, ज्याच्या जोडगावात मल्लिकार्जुन मन्सूर राहिले, तिथे तंबोरा जुळताना असेच ऐकत असतील. शेवटी फायलीचा जाड पुठ्ठा कापून रेडिएटरच्या बाजूंना बसवला. स्क्रू फिरवला तो सर्वांत शेवटी. आयडलिंग आठशेवर. चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत अर्धा तास फिरवली, काटा मध्यावरून हलला नाही.

आणि मग बिल. सामानाचे दोन हजार चारशे, मजुरी साडेसहा हजार. मामेभावाच्या तोंडून लगेच निघाले, "चाचा, पार्ट तर काहीच घातले नाहीत, मग साडेसहा हजार कसले?"

हा प्रश्न मामेभावाचा एकट्याचा नाही, आपणा सर्वांचा आहे, आणि मला राग आहे तो याचा. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. रेडिएटर बदलून वीस हजार लावले असते तर आपण मुकाट्याने मोजले असते, कारण पिशवीत घालून जुना रेडिएटर घरी नेता आला असता. रेडिएटरला काहीही झालेले नाही हे शोधून काढायला तीन दिवस लागले, तर ते तीन दिवस फुकट धरायचे! पंचांग उघडून मुहूर्त सांगणाऱ्याला दक्षिणा देताना आपण पार्ट विचारत नाही. मग मेकॅनिकने तरी डोके का चालवावे? त्याने पाहिले की विचाराला गिऱ्हाईक नाही, स्क्रू फिरवायला आहे. तो स्क्रू फिरवतो. त्याला नाव मात्र आपण "जुगाड" असे गोंडस देतो, भाषणांत मिरवतो, त्यावर पुस्तके निघतात. गोव्यातल्या त्या चार गॅरेजांना आम्ही प्रत्येकी किती वेळ दिला होता? अर्धा तास. आणि वर "संध्याकाळी मिळेल ना?"

आता ते "घाटावर स्वस्तात". ज्यांना आपण एरवी "घाटी" म्हणून नाक मुरडतो, त्यांची भाजी आपल्याला हवी, त्यांचे दूध हवे, आणि त्यांचे कसबही हवे, पण घाटी भावात. चाचांचा कान मडगावात असता तर साडेसहा हजार आपल्याला रास्त वाटले असते. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, तिथे मराठी अजून ऐकू येते, जी. ए. कुलकर्णींनी तिथेच आयुष्य काढले, हे सगळे आपण सभासंमेलनांत कौतुकाने सांगतो. त्याच गावच्या माणसाशी घासाघीस करताना मात्र ते सारे नाते घाट उतरून जाते.

चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. "पोरगा शोरूममध्ये आहे. कॉम्प्युटर लावतो, पार्ट बदलतो. पगार बरा आहे," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे, माहिती म्हणून.

घासाघिशीनंतर चाचांनी पाचशे सोडले. मी शेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही. हे सगळे इथे तावातावाने लिहिले खरे, पण ते पाचशे मीही अजून पाठवलेले नाहीत.